आडनाव नसलेलं कुटुंब

मराठवाड्यातल्या तरुणांनी केलेले लघुपट ओळीने बघत गेलं की एक बाप पुन्हा पुन्हा भेटतो. तो भेगाळलेल्या रानात बांधावर बसलेला असतो. घरात लग्नाला आलेली लेक असते, कोपऱ्यात खोकणारी म्हातारी असते, दावणीला शेवटची गाय असते. सावकाराचा माणूस येऊन चार शब्द सुनावून जातो. मग आढ्याकडे वळलेला कॅमेरा, दोर आणि बापाच्या चपला हातात घेऊन उभं राहिलेलं लेकरू. या बापाचं नाव रामा असतं, किसन असतं, कधी नुसतंच 'बा' असतं. आडनाव मात्र नसतं. तो गावाच्या कोणत्या अंगाला राहतो, त्याच्या लेकीची सोयरीक कुठल्या घरात होऊ शकते आणि कुठल्या घरात मेलं तरी होणार नाही, भिंतीवर फोटो कुणाचा आहे, यातलं काहीच कळत नाही.

त्या घरातलं मरण खोटं नाही. मराठवाड्यात ते दर वर्षी शेकड्यांनी घडतं आणि त्यावर कितीही चित्रपट झाले तरी ते जास्त होणार नाहीत. माझी तक्रार वेगळी आहे. नांदेड-लातूरकडे अनोळखी माणूस भेटला की पहिला प्रश्न 'गाव कोणतं?', दुसरा 'आडनाव काय?' आणि आडनावावरून उलगडा झाला नाही तर तिसरा, जरा आवाज खाली आणून, 'म्हणजे कोणापैकी?' ज्या मुलखात ओळख या तीन पायऱ्यांनी ठरते, तिथला कुटुंबाचा चित्रपट पहिल्याच पायरीवर थांबत असेल तर त्यानं कुटुंब दाखवलेलंच नाही. त्यानं गरिबी दाखवली आहे. गरिबी दाखवणं सोपं जातं, कारण ती बघताना प्रेक्षागृहातला कुणीही स्वतःकडे बघत नाही.

महोत्सवांच्या माहितीपत्रकांत हल्ली कुटुंब, ओळख आणि समाज असे विभाग पाडलेले असतात. आपल्याकडे या तीन गोष्टी अशा सुट्या होत नाहीत. जात रस्त्यावर दिसते, पण ती टिकते घरात. चुलीपाशी, देवघरापाशी, लग्नाच्या याद्यांत. त्यामुळे इथल्या घराविषयी खरं बोलणारा लघुपट त्या घराचं नाव-गाव सांगणारा असला पाहिजे आणि तो पुरा झाला असं मी तेव्हाच म्हणेन, जेव्हा ज्यांचं घर आहे त्यांच्यासमोर तो एकदा तरी लागलेला असेल. नांदेड आणि लातूरला चित्रपट महोत्सव भरवायचे असतील तर ते यासाठी भरवावेत.

मराठी लघुपटानं हे करून दाखवलेलं आहे. नागराज मंजुळे यांचा 'पिस्तुल्या' आठवून बघा. 58व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला दिग्दर्शकाच्या पहिल्या लघुपटासाठीचा पुरस्कार मिळाला. शाळेची ओढ लागलेल्या मुलाची गोष्ट एरवी कुठल्याही सरकारी जाहिरातीत खपून गेली असती. पण तो मुलगा पारधी आहे हे कळल्याबरोबर शाळेची भिंत, दप्तर, गणवेश या सगळ्याचा अर्थ बदलतो. चोर म्हणून जन्मल्या दिवसापासून संशयात असलेल्या जमातीचं ते पोर आहे. 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं मारलेला शिक्का 1952 साली कागदावरून पुसला गेला, गावाच्या डोळ्यांतून पुसला गेला नाही. त्या पोराचं आडनाव काढून टाका, चित्रपट निम्मा होतो. सुरज पवार या मुलानं ती भूमिका केली. पुढे 'फँड्री' आणि 'सैराट'मध्ये तो महाराष्ट्रभर ओळखीचा झाला. पण त्या पंधराएक मिनिटांत तो जसा दिसला तसा पुढे मोठ्या पडद्यावरही मला दिसला नाही.

दुसरं उदाहरण शेखर बापू रणखांबे यांच्या 'रेखा'चं. सांगली भागातल्या या दिग्दर्शकाच्या लघुपटाला 69व्या राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष परीक्षक पुरस्कार मिळाला. रस्त्याच्या कडेला पाल ठोकून राहणारी एक बाई. अंगाला खाज सुटलीय, डॉक्टरीण सांगते की रोज अंघोळ कर आणि मग औषध लाव. एवढंच. अंघोळ. बाईला अंघोळीची इच्छा होते आणि नवरा आडवा येतो. पुढे तिला कळतं की तिच्या वस्तीतल्या बायका अंग मळकट ठेवतात ते बाहेरच्या पुरुषांच्या नजरेपासून वाचायला. हे एक वाक्य ऐकलं की बघणाऱ्याच्या डोक्यात आयुष्यभर बसलेलं 'ही माणसं अस्वच्छच' हे मत तिथल्या तिथं कोसळतं. आणि चित्रपट तिथं थांबत नाही. बाहेरच्या पुरुषांपासून वाचवणारी ती युक्ती घरातल्या पुरुषाच्या हातातला पट्टा कशी झाली आहे, तेही तो दाखवतो. वस्तीवर झालेला अन्याय आणि वस्तीच्या आतला अन्याय एकाच बाईच्या कातडीवर दिसतात. रेखा नवऱ्याला सोडायचं ठरवते तेव्हा तिची बाजू घेण्यावाचून बघणाऱ्याकडे दुसरा मार्ग उरत नाही.

राष्ट्रीय पुरस्कारांत कौटुंबिक मूल्यांवरच्या लघुपटासाठी स्वतंत्र पुरस्कार होता. 68व्या वर्षी तो अभिजीत दळवी यांच्या 'कुंकुमार्चन' या मराठी लघुपटाला मिळाला. कुटुंब जपणाऱ्या चित्रपटांचं कौतुक व्हावं, माझं काही म्हणणं नाही. तरी कुटुंब हे मूल्यच आहे असं गृहीत धरून स्पर्धा लावली की कुटुंबाशी भांडणाऱ्या माणसाला त्यात जागा कुठून मिळणार? 'रेखा' त्या रकान्यात कधीच बसला नसता. तरीही कुटुंबाबद्दल त्यानं जितकं सांगितलं आहे तितकं गेल्या काही वर्षांत मराठी पडद्यावर फार थोड्यांनी सांगितलं आहे.

आता आपल्या दोन जिल्ह्यांकडे येऊ. इथं चित्रपटाला विषय नाहीत असं कुणी म्हणू नये. आदिनाथ कोठारे यांचा 'पाणी' नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडीच्या हनुमंत केंद्रे यांच्यावर आहे. गावात पाणी नाही म्हणून सोयरीक जुळत नाही, तेव्हा हा तरुण गावच पाणीदार करायला निघतो. 66व्या राष्ट्रीय पुरस्कारांत पर्यावरणाच्या विभागात तो गौरवला गेला आणि 2024च्या ऑक्टोबरात लोकांसमोर आला. नाव आहे, आडनाव आहे, गाव आहे, म्हणूनच त्यातलं लग्न नुसतं प्रेमकथेतलं लग्न वाटत नाही. तो चित्रपट मुंबईच्या माणसांनी केला याचं वाईट वाटायचं कारण नाही. वाईट याचं वाटावं की नागदरवाडीपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या कुणाला ती गोष्ट आधी दिसली नाही.

किल्लारीचंच घ्या. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे भूकंप झाला. दर वर्षी त्या तारखेला स्मृतिस्तंभावर फुलं वाहिली जातात आणि वाहिन्या तीच जुनी छायाचित्रं दाखवतात. त्यानंतर जे घडलं ते मात्र कुणी नीट चित्रित केलेलं नाही. 52 गावं उठवून नव्या जागी वसवली गेली. घरं वाटताना जमीन किती आहे हे पाहिलं गेलं: भूमिहीन आणि अगदी अल्पभूधारकाला 250 चौरस फुटांचं, त्याच्या वरच्याला 400, बड्या शेतकऱ्याला 750. जुन्या गावात दगडाच्या जाड भिंती आणि माळवदाखाली माणसं चेंगरून मेली. त्या माळवदानं माणूस कोणापैकी आहे हे पाहिलं नव्हतं. नव्या गावात मात्र चौरस फुटांनी प्रत्येकाला त्याची जागा पुन्हा दाखवून दिली. कोणत्या गल्लीत कुठल्या मापाचं घर आहे हे बघितलं की जुन्या गावचा नकाशा पुन्हा डोळ्यांपुढे येतो. इथं निवेदनाची गरजच नाही. कॅमेरा हातात धरून 750च्या ओळीतून 250च्या ओळीपर्यंत चालत गेलं, वाटेतल्या ओट्यांवर बसलेल्या माणसांची नावं विचारली, की दहा मिनिटांचा चित्रपट तयार आहे. आणि त्याच भूकंपात अनाथ झालेली किंवा घर गमावलेली सुमारे 1,200 मुलं भारतीय जैन संघटनेनं पुण्याजवळ वाघोलीला नेऊन शिकवली. ती आज चाळिशीच्या आसपास असतील. त्यांच्या कुटुंबाची व्याख्या काय असेल, दिवाळीला ती 'गावाकडे' म्हणून कुठं जात असतील, हे मला फार मनापासून बघायचं आहे.

लातूरचा आणखी एक विषय तर रोज एसटीतून उतरतो. शिकवण्यांच्या भागात दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या पोरांसाठी गावाकडून डबे येतात. सकाळच्या गाडीनं निघालेला डबा वाहक किंवा ओळखीचा प्रवासी स्थानकावर पोचवतो आणि पोरगं सायकलवर येऊन घेऊन जातं. फडक्यात घट्ट बांधलेल्या भाकरी, तेलात परतलेली चटणी, शनिवारी कधी धपाटे. स्टीलच्या डब्यावर टोचणीनं कोरलेलं नाव असतं, आजोबाचं किंवा आईचं, लग्नात आलेल्या भांड्यावर असतं तसं. शंभर डब्यांत आपला डबा शोधताना पोरं एकमेकांची आडनावं वाचतात. त्याच डब्यांवरून खोलीवर कोण कुणाची भाजी घेतं आणि कोण घेत नाही हे ठरतं. 'लातूर पॅटर्न'वर चित्रपट करणारे परीक्षेचा ताण, पंखा आणि आत्महत्या दाखवतात. डबा उघडल्यावर खोलीत काय होतं ते दाखवत नाहीत.

बोलीविषयी इथं थोडं थांबलं पाहिजे. मराठवाड्याची बोली पडद्यावर बहुतेक वेळा हसवायला आली. लक्ष्मण देशपांडे यांच्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला'नं ती बोली घराघरांत नेली आणि मकरंद अनासपुरे यांनी तिला चित्रपटात नायकाच्या तोंडी बसवलं. हे उपकार मोठे आहेत. त्यांच्या मागून आलेल्यांनी मात्र फक्त हसं उचललं. 'येऊलालो, जाऊलालो' म्हणणारा माणूस पडद्यावर आला की पुण्या-मुंबईचं प्रेक्षागृह हसायला सज्ज होतं. त्याच बोलीत बाप लेकीला 'तू आम्हाला मेलीस' म्हणतो, त्याच बोलीत माय रात्री नवऱ्याची समजूत काढते. लातूरच्या काटगावात जन्मलेल्या रा. रं. बोराडे यांनी 'पाचोळा' कादंबरी सगळीच्या सगळी या मातीतल्या बाईच्या तोंडून सांगितली, तेव्हा कुणाला हसू आलं नाही. कादंबरीनं 1971 सालीच केलेली ही वाट लघुपटानं अजून पुरती तुडवलेली नाही.

शिवाय इथं बोली एक नाही. देगलूर, बिलोली, धर्माबादकडे घरात तेलुगू आणि बाजारात मराठी. उदगीर, देवणी, निलंग्याकडे कन्नड. किनवट-माहूरच्या तांड्यांवर गोरमाटी, डोंगरात गोंडी आणि कोलामी. दोन्ही शहरांच्या जुन्या मोहल्ल्यांत दखनी. नांदेडला तर गुरू गोविंदसिंग 1708 साली देह ठेवून गेले त्या हुजूर साहिबच्या आसऱ्यानं पिढ्यान् पिढ्या राहिलेली शीख घरं आहेत. त्यांची मुलं गुरुद्वाऱ्यात पंजाबी ऐकतात, गल्लीत दखनी बोलतात आणि शाळेत मराठीत निबंध लिहितात. पंजाबातून आलेल्या पाहुण्यापुढे ही मुलं कोण ठरतात, मराठवाड्यातली की पंजाबातली? ओळख या विषयावर याहून समृद्ध घर शोधायला कुठं जायचं?

यावर एक आक्षेप नेहमी येतो: इतकं बारीक, इतकं स्थानिक केलं तर बाहेरच्याला काय कळणार? अब्बास किआरोस्तामी यांनी 1970 साली पहिला लघुपट केला, 'ब्रेड अँड अ‍ॅली'. पाव घेऊन घरी निघालेलं पोर, अरुंद बोळ आणि वाटेत भुंकणारा कुत्रा. संवाद जवळजवळ नाहीत. तो बोळ तेहरानचाच आहे, त्याच्या भिंती, त्याची वळणं, तिथून जाणारा म्हातारा, सगळं तिथलंच. म्हणून कंधारच्या पोरालाही त्या कुत्र्याची भीती वाटते. आडनाव पुसलेला रामा मात्र कंधारलाही परका आणि तेहरानलाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो मी हलक्यात घेणार नाही. आपल्या माणसांसमोर दाखवा म्हणणं सोपं आहे. दाखवणाऱ्याचं काय होईल? निशांत रॉय बोंबार्डे यांच्या 'दारवठा'चं उदाहरण घ्या. मुलगेपणाच्या चौकटीत न मावणाऱ्या किशोरवयीन मुलाची ती गोष्ट आहे, आणि 63व्या राष्ट्रीय पुरस्कारांत पहिल्या लघुपटासाठीचा पुरस्कार तिनं मिळवला. अशा चित्रपटांना मुंबईचा 'कशिश' महोत्सव 2010 पासून हक्काची जागा देत आला आहे. तिथल्या अंधारात बसलेल्या कितीतरी मुलांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं असेल की आपण एकटे नाही. तोच चित्रपट मुखेडच्या किंवा औशाच्या सभागृहात लावला आणि दुसऱ्या दिवशी बघायला आलेल्या मुलाला कुणी चौकात अडवलं, तर जबाबदार कोण? जातीबाहेर लग्न केलेल्या मुलीवरच्या चित्रपटाचंही तेच. 'आमच्या समाजाची बदनामी झाली' असं निवेदन तहसीलदाराकडे पोचायला इथं वेळ लागत नाही. 1978च्या ऑगस्टमध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न पेटला तेव्हा नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मारले गेले, हे याच मातीतलं आहे. नाव घेण्याची किंमत इथल्या माणसांना कुणी शिकवायला नको.

म्हणून लांबच्या महोत्सवाचं मोल मी नाकारत नाही. कलावंताला आधी सुरक्षित जागा हवी, त्याच्यासारख्या माणसांची साथ हवी. पण तिथंच थांबलं तर चित्रपट कायमचा त्यांनाच दिसत राहतो ज्यांना तो आधीच पटलेला आहे. आणि 'समाज' म्हणजे निवेदन घेऊन जाणारा संघटनेचा अध्यक्ष हे आपण का मानून चालतो? 'रेखा' पालावर दाखवला तर समाज म्हणजे पंच मंडळी की मागे पदर तोंडात धरून बसलेल्या बायका? आतापर्यंत या बायकांना कुणी विचारलेलंच नाही, कारण चित्रपट त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही.

मोबाइलवर सगळं पोचतं, असं यावर उत्तर मिळतं. पोचतं खरं, पण गोधडीखाली एकट्याला. सभागृहात शेजारी वेगळ्या आळीचा माणूस बसलेला असतो. पडद्यावर काही बोललं गेलं की तो हलतो, खाकरतो, उठून जातो किंवा जात नाही, आणि हे तुम्हाला कळतं. राज्य नाट्य स्पर्धेच्या नांदेड केंद्रावर वर्षानुवर्षं हेच होत आलं आहे. नाटक संपल्यावर बाहेर चहाच्या टपरीवर जी भांडणं होतात त्यांनी या शहराला शहाणं केलं. दत्ता भगत यांच्यासारखा नाटककार आणि नरहर कुरुंदकरांसारखा वाद घालणारा विचारवंत ज्या शहरानं अंगाखांद्यावर वाढवला, तिथल्या प्रेक्षकाला अवघड विषय झेपणार नाही असं कुणी ठरवायचं?

केरळमध्ये जॉन अब्राहम आणि त्यांच्या मित्रांनी 1984 साली 'ओडेसा' नावाची मंडळी जमवली. गावोगाव चॅप्लिनच्या 'द किड'सारखे चित्रपट दाखवायचे, तिथंच लोकांकडून पैसे गोळा करायचे आणि त्यातून चित्रपट करून लोकांनाच दाखवायचा. 1986चा 'अम्मा अरियान' असा झाला. आपल्याकडे आनंद पटवर्धन यांनी 'जय भीम कॉम्रेड' दलित वस्त्यांमध्ये नेऊन दाखवला. आणि जत्रेतल्या तंबूत चित्रपट बघायची सवय तर महाराष्ट्राला जुनीच आहे. लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट विकायला येतात, तमाशाचे फड लागतात, भटक्या जमाती दुरून येऊन उतरतात. त्यांच्या पंचायतींचे निवाडे तिथं होत आले आहेत. 'पिस्तुल्या' आणि 'रेखा' लावायला नांदेड जिल्ह्यात याहून योग्य जागा नाही. एक पडदा, एक प्रक्षेपक आणि रात्रीची दोन तासांची परवानगी पुरेल.

छत्रपती संभाजीनगरला अजिंठा-वेरूळ महोत्सव दशकभर चालू आहे. पुण्याचा महोत्सव अभिजात फिल्म सोसायटीच्या साथीनं लातूरपर्यंत आला. जगातले चित्रपट इथल्या पोरांना मोठ्या पडद्यावर बघायला मिळतात याचा मला मनापासून आनंद आहे. ज्यांनी हे उभं केलं त्यांनी घरचं खाऊन केलेलं काम आहे. आता त्यापुढची गोष्ट करावी. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात आणि त्याच्या लातूर उपकेंद्रात दर वर्षी युवक महोत्सवासाठी एकांकिका बसवणारी शेकडो मुलं आहेत. त्यांच्या हातात कॅमेरा आधीच आहे. त्यांच्या लघुपटांचा पहिला खेळ मॉलमधल्या पडद्यावर न लावता ज्या गावात तो चित्रित झाला तिथं लावावा. ज्यांच्या घरात कॅमेरा नेला त्यांना आधी बोलवावं, चित्रपटातलं काय त्यांना खुपलं ते दिग्दर्शकानं समोर बसून ऐकावं; बदलायचं की नाही हा त्याचा अधिकार. ज्या विषयात मुलाच्या किंवा मुलीच्या जिवाला धोका आहे तिथं गावाचा आग्रह सोडावा आणि खेळ जिल्ह्याच्या ठिकाणी करावा.

आणि परीक्षक मंडळ नेमताना चित्रपट ज्या बोलीत आहे ती बोली घरात बोलणारा एक तरी माणूस त्यात घ्यावा. किनवटच्या तांड्यावरचा लघुपट फक्त उपशीर्षकांवर जोखला जाऊ नये. सासरी निघालेल्या नातीशी बोलताना म्हातारीनं कुठला शब्द गिळला, हे त्या एकालाच कळेल. आणि निकाल लागायच्या आधी बाकीच्या परीक्षकांना त्यानंच ते सांगावं.